घरगुती एअर कॉम्प्रेसरची दुरुस्ती: आधी दोष शोधा, मग पार्ट बदला

"मोटर जळली" असं सांगत कॉम्प्रेसर दुरुस्तीला येतो आणि बहुतेक वेळा मोटर धडधाकट निघते. दोष असतो टाकीच्या तोंडावरच्या छोट्याशा पितळी व्हॉल्व्हमध्ये, एक्स्टेन्शनच्या पातळ वायरमध्ये, नाहीतर प्रेशर स्विचच्या (टाकी भरली की मोटर बंद आणि दाब उतरला की चालू करणाऱ्या बटणाच्या) हिरव्या पडलेल्या पॉइंटमध्ये. तोवर मालकाने कपॅसिटर (मोटरला उचलायला मदत करणारा, वीज साठवणारा डबा) बदललेला असतो, स्विच बदललेला असतो. काही जण तर मोटर रिवाइंडिंगला कुडाळला नाहीतर थेट कोल्हापूरला पाठवून आणतात. पैसे जातात, आठवडा जातो आणि यंत्र पुन्हा तसंच गुणगुणत राहतं.

चुकतो तो क्रम. कॉम्प्रेसर काहीही न खोलता स्वतःचा दोष बराचसा सांगतो. तेवढं ऐकून घेतलं तर निम्मे पार्ट विकत घ्यावेच लागत नाहीत. म्हणून या लेखात चाचण्या आधी आणि पाना नंतर, असाच क्रम ठेवला आहे.

इथे लिहिलेलं सगळं १ ते ३ एचपीच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या, २५ ते १०० लिटर टाकीच्या पिस्टन कॉम्प्रेसरसाठी आहे. पंक्चर काढायला, गाडीत हवा भरायला, होडीला किंवा दारं-खिडक्यांना रंग मारायला आपल्याकडे कोकणात घरोघरी असतो तो हा. थ्री फेजच्या मोठ्या यंत्राला हे जसंच्या तसं लावू नका.

## १. तयारी

आधी नेमप्लेटचा फोटो काढा: एचपी, व्होल्ट, अँपिअर, टाकीची लिटर क्षमता आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकीचा कमाल दाब. खाऱ्या हवेत ही पट्टी चार-पाच वर्षांत वाचता येईनाशी होते. पट्टी शाबूत आहे तोवरच आकडे ऑइल पेंटने टाकीवर लिहून ठेवा.

मग हे जमवा: दोन पाने (एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, एकाच पान्याने काम केलं की तांब्याची नळी पिळते), मल्टिमीटर, साबणाचं पाणी आणि ब्रश, टेफ्लॉन टेप, बारीक पॉलिश पेपर, होल्डरला दोन वायरी जोडलेला जुना तारेचा बल्ब (एलईडी चालणार नाही) आणि डोळ्यांवर चष्मा.

जागा कोरडी हवी. पावसाळ्यात पडवीतली फरशी घामेजलेली असते. तिथे उघड्या वायरींचं काम करू नका. लाकडी फळी अंथरा, पायात रबरी चप्पल घाला. अर्थिंगची खात्री वायरमनकडून करून घ्या. जांभ्याच्या जमिनीत खड्डा उन्हाळ्यात पार सुकतो आणि तीन पिनांचा प्लग असूनही अर्थिंग नावालाच उरतं.

## २. प्लग बाहेर, टाकी रिकामी

कुठलाही नट सैल करण्याआधी प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्रेशर स्विचवर चालणारं यंत्र दाब उतरला की आपणहून सुरू होतं आणि त्या वेळी तुमचं बोट पट्ट्याजवळ असू शकतं.

मग टाकीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा. आधी पाणी, मग तेलकट गढूळ फवारा, मग हवा. गेजचा काटा शून्यावर आला तरी कॉक उघडाच ठेवा. काटा अडकलेला असू शकतो आणि आपल्या हवेत गेज हा सगळ्यात आधी खोटं बोलणारा पार्ट आहे.

बाहेर पडणारं पाणी डब्यात धरा. त्यात तेल असतं. विहिरीजवळ किंवा कलमांच्या आळ्यात ओतू नका.

सावधान: टाकीत दाब असताना कुठलाही नट "थोडासाच" सैल करून बघू नये. ८ बार म्हणजे सुमारे ११६ पीएसआय. पितळी फिटिंग सुटून तोंडावर आलं तर डोळा जाऊ शकतो.

## ३. काही न खोलता करायच्या चार चाचण्या

हा टप्पा लोक गाळतात. तो नीट केला तर पुढचे अर्धे टप्पे गाळता येतात.

पहिली: रिकाम्या टाकीवर सुरू करून बघा. ड्रेन कॉक पूर्ण उघडा ठेवा आणि यंत्र चालू करा. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या आवाजात धावलं तर मोटर आणि कपॅसिटर बहुतेक ठीक आहेत. भरलेल्या टाकीवर अडून गुणगुणणारं यंत्र रिकाम्या टाकीवर सहज धावत असेल, तर बहुधा पिस्टनच्या डोक्यावर आधीची हवा अडकून राहते आहे. बाकीच्या चाचण्या झाल्या की सरळ टप्पा ५ कडे जा.

रिकाम्या टाकीवरही नुसतं "हूं" करत असेल तर दोन-तीन सेकंदांत बंद करा. याहून जास्त वेळ गुणगुणत ठेवलेली मोटर मात्र खरोखरच जळते. प्लग काढून मोठी पुली हाताने फिरवा (डायरेक्ट, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटरला थेट जोडलेलं मशीन असेल तर मागचं झाकण काढून पंखा फिरवा). जड पण सलग फिरली तर दोष विजेच्या बाजूला. एका जागी अडली किंवा खरखरली तर पंपाच्या आत.

दुसरी: व्होल्टेज, आणि तेही सुरू होताना. मोकळ्या सॉकेटवर २३० दिसणं उपयोगाचं नाही. यंत्र सुरू होत असताना, यंत्राच्याच वायरच्या टोकाला किती राहतं ते बघा. २ एचपीची मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते. सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. समजा क्षणभर ५० अँपिअर गेले आणि तुमची एक्स्टेन्शन २० मीटर लांब, ०.७५ चौरस मिमी तांब्याची आहे, तर तिच्यातच पन्नासेक व्होल्ट खलास होतात. तीच २.५ चौरस मिमीची असेल तर पंधरा. कित्येक "जळलेल्या" मोटरी नुसती वायर बदलल्यावर धावायला लागतात.

वाडी लाइनच्या टोकाला असेल तर आणखी एक खूण बघा. दुपारी यंत्र बिनबोभाट सुरू होतं आणि दिवेलागणीनंतर अडतं, म्हणजे दोष यंत्रात नाहीच. हवा दुपारीच भरून ठेवा. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर सुरू होतानाचा करंट पेलेल असा घ्या, टीव्ही-फ्रिजचा उपयोगी नाही.

तिसरी: टाकी भरायला लागणारा वेळ. ५० लिटरची टाकी शून्यापासून ८ बारपर्यंत भरायला बाहेरची सुमारे ४०० लिटर हवा आत ओढावी लागते. साधारण २ एचपीच्या चांगल्या पंपाला याला तीन-चार मिनिटं लागतात. नवं यंत्र आणल्या दिवशीच हा वेळ घड्याळ लावून मोजा आणि टाकीवर लिहा. पुढे पंप झिजला की नाही हे सांगणारा याहून खात्रीचा आकडा नाही. वेळ दीडपट झाला तर फिल्टर, पट्टा, रीड (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पातळ पट्ट्या), रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) याच क्रमाने बघत जायचं.

चौथी: बंद होतानाचा आवाज. टाकी भरू द्या, यंत्र आपोआप बंद होऊ द्या आणि कान प्रेशर स्विचजवळ न्या.

बंद होताच दोन-तीन सेकंद "फुस्स" आणि मग शांतता, म्हणजे सगळं ठीक. ती अनलोडरची हवा. पिस्टनवरचा दाब सोडून तो पुढची सुरुवात हलकी करतो.

"फुस्स" झालंच नाही, तर अनलोडर उघडत नाही किंवा त्याची बारीक नळी तुंबली आहे.

बंद झाल्यावरही "सुस्स" थांबतच नाही आणि काटा उतरत जातो, तर टाकीच्या तोंडावरचा एनआरव्ही (हवा टाकीतून उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतो आहे. हवा टाकीतून उलटी येऊन स्विचखालून बाहेर पडते. आवाज स्विचपाशी येतो म्हणून लोक स्विच बदलतात. नव्या स्विचमधूनही तोच आवाज येतो, मग दुकानदाराशी भांडण. घरगुती कॉम्प्रेसरमधली ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

आणि यंत्र चालू असतानाच स्विचखालून हवा जात असेल तर अनलोडरचा व्हॉल्व्ह बंद होत नाही. इथे मात्र दोष स्विचच्याच बाजूचा.

तपासा: चारही चाचण्यांचा निकाल कागदावर लिहिला का? पुढे एका वेळी एकच पार्ट बदला आणि त्यानंतर तीच चाचणी पुन्हा करा. दोन पार्ट एकदम बदलले की दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

## ४. विजेची बाजू

प्लग बाहेर. प्रेशर स्विचचं झाकण काढा आणि आधी फोटो काढा, मग हात लावा. किनाऱ्याजवळच्या घरात पॉइंटवर हिरवट-पांढरा थर सापडेल. कधी आत मुंग्या चिरडलेल्या असतात, कधी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं. माती कोरड्या ब्रशने काढा. पॉइंट नुसते मळलेले असतील तर पॉलिश पेपरची पट्टी हलकेच ओढून साफ होतात. खड्डे पडून काळे झाले असतील तर घासून महिनाभर चालतील, नंतर तेच पॉइंट एकमेकांना चिकटतील आणि यंत्र बंदच होणार नाही. असा स्विच बदलाच.

पुढे कपॅसिटर, दुकानात ज्याला कंडेन्सर म्हणतात तो. हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना बल्बच्या वायरी काही सेकंद टेकवा, म्हणजे साठलेली वीज उतरेल. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत सोडून द्या; त्याने चांगला कपॅसिटरही खराब होतो आणि हात भाजतो तो वेगळाच.

आता एक वायर सोडवून मल्टिमीटरने मायक्रोफॅरड मोजा. रनिंगच्या कपॅसिटरवर ४० लिहिलंय आणि मीटर ३१ दाखवतोय, तर तो गेला. फुगलेला, तेल सुटलेला तर मोजायचीही गरज नाही. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. "जरा मोठा टाकला की मोटर जोरात उचलेल" हा सल्ला ऐकू नका, वाइंडिंग तापतं. स्टार्टिंगचा कपॅसिटर रनिंगच्या जागी तर कधीच नको. तो क्षणभराच्या कामासाठी केलेला असतो, सतत चालवला की फुटतो.

दोन कपॅसिटरच्या मोटरीत सेंट्रिफ्यूगल स्विच असतो; मोटरने वेग घेतला की तो स्टार्टिंगचा कपॅसिटर तोडतो. मोटर थांबत येताना "टक्" असा आवाज येतो, तो त्याचाच. तो आवाज बंद झाला आणि स्टार्टिंगचे कपॅसिटर वारंवार जाऊ लागले, तर नवे कपॅसिटर घालत बसू नका. मोटरचं मागचं झाकण उघडून तो स्विच साफ करा.

ओव्हरलोडचं बटण पुन्हा पुन्हा उडतंय म्हणून ते बायपास करणारेही पाहिले आहेत. बटण उडणं हा दोष नसतो, दोषाची खबर असते.

सावधान: पुराचं पाणी शिरलेला कॉम्प्रेसर "सुकला असेल" म्हणून चालू करू नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या यंत्रांसारखी गत असेल, तर आधी क्रँकमधलं (पंपाच्या तळाच्या डब्यातलं) तेल-पाणी पूर्ण काढा, एअर फिल्टर फेका, मोटर खोलून वाइंडरकडे भट्टीत सुकवून घ्या आणि मेगरवर (इन्शुलेशन मोजायच्या मीटरवर) इन्शुलेशन किमान १ मेगओहम आल्याशिवाय वीज देऊ नका. प्रेशर स्विच आणि कपॅसिटर नवेच घाला.

## ५. एनआरव्ही आणि अनलोडरची नळी

हेडमधून (पंपाच्या वरच्या भागातून) निघणारी तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी जिथे टाकीला मिळते तो एनआरव्ही. त्याच्याच कुशीतून एक बारीक नळी निघून प्रेशर स्विचखाली जाते, ती अनलोडरची.

काम या क्रमाने:

१. यंत्र गार होऊ द्या. ही नळी चालून झाल्यावर बराच वेळ चटका देते.

२. टाकी रिकामी, ड्रेन उघडा.

३. बारीक नळीचा नट आधी सोडा. ती ठिसूळ असते. जाड नळी हलवताना हीच मोडते.

४. जाड नळीचे दोन्ही टोकांचे नट सोडा. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरा, दुसऱ्याने नट फिरवा.

५. व्हॉल्व्ह टाकीतून काढा. जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. गॅसच्या टॉर्चने तापवू नका. टाकीत तेलाची वाफ असते.

आता व्हॉल्व्हची टोपी उघडा. आत स्प्रिंग आणि नाण्याएवढी रबरी किंवा टेफ्लॉनची चकती असते. चकतीवर बसणीचा (ती टेकते त्या कडेचा) गोल ठसा उमटलेला असतोच. ठसा सगळीकडे सारखा आणि उथळ असेल तर चकती चांगली आहे. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर ती तिरकी बसते. बऱ्याचदा चकती ठीक असते आणि तिच्याखाली कार्बनचा काळा कण किंवा टाकीतली गंजाची पापडी अडकलेली असते. कापडाने पुसा, बसण अंगठ्याच्या नखाने चाचपा, उलट बाजूने तोंडाने फुंकून बघा. टाकीच्या बाजूने फुंकल्यावर हवा अजिबात जाऊ नये.

नवा घ्यायचा असेल तर जुना सोबत न्या. टाकीकडचा आटा, नळीकडचा आटा आणि बारीक नळीचं भोक, तिन्ही जुळायला हवीत. बहुतेक यंत्रांत टाकीकडे चार सुती, म्हणजे अर्धा इंची आटा असतो, पण अंदाजाने आणू नका. नळकामाच्या दुकानात मिळणारा पाण्याचा एनआरव्ही दिसायला सारखा असला तरी चालत नाही. हेडमधून येणाऱ्या गरम हवेत त्याचं रबर थोड्याच दिवसांत लोळागोळा होतं.

टेफ्लॉन टेप फक्त टाकीकडच्या आट्यावर. आटा आवळतो त्याच दिशेने तीन-चार वेढे, आणि टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा. टेपचा तुकडा आत गेला तर तो चकतीखाली जाऊन बसतो आणि नवाकोरा व्हॉल्व्ह गळायला लागतो. नळीच्या पितळी रिंगेच्या नटांवर टेप लावायची नसते. तिथे धातूवर धातू बसतो.

बारीक नळी जोडण्याआधी तोंडाने फुंकून मोकळी आहे ना बघा. कुंभारमाशीचं काम इथेही सापडतं.

तपासा: चाचणी एक आणि चार पुन्हा करा. "फुस्स" होऊन शांतता झाली आणि भरल्या टाकीवर मोटर उचलली, तर इथेच थांबा. पुढचं काही खोलायची गरज नाही.

## ६. प्रेशर स्विच बदलताना

स्विच प्लॅस्टिकच्या अंगाला धरून फिरवू नका, खालच्या सहा कोनी पितळेला पाना लावा. त्यावर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर चिकटलेले असतात. ते आधी उतरवा आणि कुठलं भोक कशाचं ते फोटोत असू द्या. वायरीत येणारी लाइन, मोटरकडे जाणारी लाइन आणि अर्थ यांची अदलाबदल होता कामा नये.

नवा स्विच दुकानातून येतो तेव्हा तुमच्या यंत्रापुरता सेट केलेला नसतो. तुमची टाकी ८ बारची आणि स्विच १० ला तोडणारा, असं सहज घडतं. म्हणून पहिल्यांदा भरताना यंत्राजवळून हलू नका. काटा नेमप्लेटच्या आकड्यावर आला आणि यंत्र थांबलं नाही, तर स्वतः बंद करा, मग मधल्या स्प्रिंगचा नट थोडा सैल करा. नट आवळला की दाब वाढतो, सैल केला की उतरतो. अर्धा-अर्धा फेरा, दर वेळी पूर्ण भरून तपासणी.

सावधान: "हवा कमी पडते" म्हणून स्विच आवळून दाब वाढवू नका. टाकी त्या दाबासाठी केलेली नाही, आणि आत किती गंज खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही.

## ७. हेड, रीड आणि रिंगा

इथवर सगळं ठीक आणि तरी टाकी भरायला वेळ लागतोय, तर आता वरचा भाग. आधी फिल्टर काढून वेळ मोजा. चिरेखाणीजवळ किंवा कच्च्या रस्त्याकाठी राहणाऱ्यांना उत्तर बहुतेक इथेच मिळतं. तांबड्या धुळीने फिल्टर विटेसारखा झालेला असतो. पट्ट्याचं यंत्र असेल तर पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून बघा. सेंटिमीटरभर दबला तर बरोबर. जास्त लोंबत असेल तर मोटर मागे सरकवा.

फिल्टर काढलेल्या तोंडावर तळहात धरा. नुसती ओढ लागायला हवी. हवा मागे फुंकली जात असेल तर आत घेणारं रीड मोडलंय. ओढ चांगली आहे पण हेड नेहमीपेक्षा फार तापतं, तर बाहेर सोडणारं रीड किंवा गास्केटची मधली भिंत गेली. आणि क्रँकच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) धाप लागल्यासारखी हवा व तेलाचा धूर येत असेल तर रिंगा.

हेड उघडताना बोल्ट आडवे-तिरपे क्रमाने थोडे थोडे सैल करा. चिकटलेलं हेड स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. लाकडी ठोकळ्याने बाजूने हलके ठोके द्या. कुठली पट्टी वर, कुठली खाली, कुठलं तोंड कुठे, याचा प्रत्येक थर सुटताना फोटो घ्या. रीड उलटी बसवली की यंत्र धावतं पण हवा शून्य.

रीड उजेडासमोर धरा. वाकलेली, कोपरा तुटलेली, गंजाचा ठिपका पडलेली असेल तर बदला. आपल्याकडे पावसाळाभर बंद पडलेल्या यंत्रात हा ठिपका हमखास सापडतो. पॉलिश पेपरने घासून तीच परत घालू नका, घासलेल्या जागीच ती मोडते आणि तुकडा पिस्टनवर पडतो.

गास्केट कंपनीच्या जाडीचंच हवं. बाजारातल्या शीटमधून कापलेलं जाड गास्केट दाब कमी करतं, पातळ असेल तर पिस्टन आपटू शकतो. सिलिकॉनचा लगदा लावून तर मुळीच नाही, तो गरम हवेत सुटून रीडखाली जातो. हेड पेट्रोलने धुऊ नका. बसवताना बोल्ट तीन फेऱ्यांत, आडवे-तिरपे आवळा. पहिली फेरी बोटाने, दुसरी अर्ध्या जोराने, तिसरी पूर्ण.

रिंगा बदलताना त्यांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, चहूबाजूंना विखरून ठेवा. सिलिंडरवर नखाला लागेल एवढी चर असेल तर नुसत्या रिंगा बदलून काही साधत नाही.

तेल कॉम्प्रेसरचंच घाला, पिस्टन पंपाला सहसा व्हीजी १०० (तेलाच्या घट्टपणाचा नंबर) चालतं. पुस्तिकेत वेगळं असेल तर ते. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घालू नका. त्यातली रसायनं आपल्या दमट हवेतलं पाणी धरून ठेवतात, व्हॉल्व्हवर कार्बन धरतो. काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंतच भरा. जास्त झालं की हवेबरोबर तेल येतं आणि रंगात डोळे (गोल खड्डे) पडतात. तेल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, लगेच बदला. आणि बिनतेलाच्या मशीनमध्ये तेलाचा थेंबही नको; त्याची टेफ्लॉनची रिंग कोरडी चालण्यासाठीच असते.

## ८. टाकी, ड्रेन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या एक घनमीटर हवेत २२ ते २५ ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारं यंत्र तासात सहा घनमीटर हवा आत घेतं. ती दाबून गार झाली की शंभर मिलीहून जास्त पाणी टाकीच्या तळाशी जमतं. एका तासाचं. हे पाणी रोज काढलं नाही तर टाकी आतून, खालच्या बाजूने सडते आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

ड्रेन कॉक जाम झाला असेल तर पितळी एल्बो लावून बॉल व्हॉल्व्ह बाजूला काढून घ्या. वाकावं लागत नाही, म्हणून रोज उघडला जातो. मला विचाराल तर यंत्रावर करायचा सगळ्यात मोलाचा बदल हाच.

पाणी फिकट तपकिरी येणं नेहमीचं. त्यात गंजाच्या पापड्या येऊ लागल्या तर टाकीवर विश्वास ठेवू नका. प्लंबर पाइपलाइन तपासायला हाताचा पंप वापरतो, त्याने टाकीत काठोकाठ पाणी भरून चालत्या दाबाच्या दीडपट दाबावर चाचणी घेता येते. आत हवा अजिबात राहू द्यायची नाही. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून टाकी फुटलीच तर नुसती ओली होते. हवेने घेतलेल्या चाचणीत तिचे तुकडे उडतात. पायाच्या वेल्डिंगजवळ आणि तळाला थेंब दिसला तर टाकी भंगारात.

सावधान: सुईएवढ्या भोकालाही वेल्डिंग किंवा एम-सील करू नका. एक भोक दिसलं म्हणजे त्याच्या आजूबाजूचा पत्रा कागदाएवढा झालेला आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा, दाब असताना, चष्मा लावून ओढा. हवा सुटून परत घट्ट बसायला हवी. खाऱ्या हवेने अडकला असेल तर साफ करत बसू नका, त्याच दाबाचा नवा आणा. गळतो म्हणून बोल्ट मारून बंद केलेला सेफ्टी व्हॉल्व्ह दिसला तर ते यंत्र त्याच क्षणी बंद करा, मग ते कुणाचंही असो. घरभर हवा फिरवायला पीव्हीसी पाइपही वापरू नका, तो दाबाखाली काचेसारखा फुटतो.

## ९. पुन्हा सुरू करताना

१. पुली हाताने दोन-चार फेरे फिरवा. कुठे अडता कामा नये.

२. ड्रेन उघडा ठेवून दहा मिनिटं चालवा. रिंगा नव्या असतील तर अर्धा तास. पुलीचे पंख वारा पंपाकडे फेकताहेत ना बघा.

३. ड्रेन बंद करून २-३ बारपर्यंत भरा, बंद करा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडा दिसला तर आधी टाकी रिकामी, मग पाना.

४. आता पूर्ण भरा. हात प्लगच्या बटणाजवळ, नजर काट्यावर.

५. बंद होताना "फुस्स" ऐका.

६. हवा सोडत जा. दाब उतरल्यावर यंत्र आपणहून, न गुणगुणता उचललं पाहिजे. ही परीक्षा न घेता झाकण लावणारे दुसऱ्या दिवशी परत खोलतात.

७. पूर्ण भरून प्लग काढा. पहिली पंधरा मिनिटं काटा थोडा उतरेल. गरम हवा गार झाल्याने दाब उतरतो, ती गळती नव्हे. त्यानंतर खूण करा आणि तासाभराने बघा. काटा खुणेवरच हवा.

यंत्र पावसाळाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ड्रेन उघडा ठेवा, भिंतीपासून हातभर दूर लाकडावर उभं करा आणि फिल्टरच्या तोंडावर बारीक जाळी बांधा, म्हणजे कुंभारमाशी शिरणार नाही. प्लॅस्टिकने गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका. पंधरवड्यातून एकदा ड्रेन उघडा ठेवूनच दहा मिनिटं चालवा, म्हणजे रीड आणि सिलिंडरवर तेलाचा हात फिरतो. बिनतेलाचं मशीनही तसंच दहा मिनिटं चालवा. ते गरम होऊन आतली ओल बाहेर पडते.